झोपेच्या वहीचे सहा आठवडे

रात्री दोनच्या सुमारास जाग यावी आणि पहाटेपर्यंत कूस बदलत पडून राहावे, असे दीड वर्ष चालले होते. गोळीची सवय लागू द्यायची नव्हती, म्हणून पुण्यातील एका दवाखान्यात निद्रानाशावरचा सहा आठवड्यांचा वर्तनोपचार पूर्ण केला. जुनाट निद्रानाशावर औषधांच्या आधी हाच उपचार करावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली केलेली आहे.

पहिल्या भेटीत घोरणे, अपस्मार, रात्रपाळी, वाहन चालवण्याचे काम यांची बारकाईने चौकशी झाली आणि मगच एक वही हाती आली. अंथरुणावर कधी पडले, झोप अंदाजे कधी लागली, किती वेळा जाग आली, कधी उठले, शेवटचा चहा किती वाजता घेतला, हे रोज सकाळी लिहायचे; रात्री मात्र घड्याळाकडे पाहायचे नाही. आठवड्याने हिशेब मांडला, तेव्हा साडेआठ तास अंथरुणात आणि झोप जेमतेम साडेपाच तास, म्हणजे सुमारे ६५ टक्के. झोप भरून निघावी म्हणून मी दहालाच आडवी होत होते आणि त्यानेच ती अधिक विस्कटत होती, हे मला त्या आकड्यांनी पटवले.

मग अंथरुणातला वेळच कमी केला गेला: रात्री बारा ते पहाटे साडेपाच, रविवारीही तेच. झोप लागत नाही असे वाटले की उठून बाहेरच्या खोलीत बसायचे आणि डोळे जड झाल्यावरच परतायचे. मी मंद दिव्यात लसूण सोलत बसत असे. तिसऱ्या रात्री वाटी निम्मीही भरली नव्हती, तोच पेंग येऊ लागली. सहाचा चहा सुटला, कारण कॅफीन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला गेला आणि उशाशी सेलवरचे गजराचे घड्याळ आले.

दुसरा आठवडा फार जड गेला. दुपारी कार्यालयात डोळे मिटत, चिडचिड होई. याची पूर्वकल्पना दवाखान्याने अधिक स्पष्ट शब्दांत द्यायला हवी होती. त्याहून मोठी उणीव म्हणजे वही आणि सगळी पत्रके केवळ इंग्रजीत आहेत. झोप उडालेली माणसे ज्या वयाची अधिक असतात, त्यांच्यासाठी मराठी वही असणे अत्यावश्यक आहे.

झोपेचे प्रमाण ८५ टक्क्यांवर टिकले की पंधरा मिनिटे वाढवून मिळत. आता मी अकराला झोपते, साडेपाचला उठते आणि मधे जाग आलीच तरी पुन्हा डोळा लागतो. पुढच्या महिन्यात आईची पहिली भेट आहे. तिच्यासाठी वहीचे रकाने मी मराठीत आखून ठेवले आहेत.