ॲस्ट्रोइमेजजे: एक्सोप्लॅनेटचे ट्रान्झिट मोजायचेत तर हेच घ्या

सहा-आठ इंची टेलिस्कोप आणि बरा कॅमेरा आहे, नेब्युलांचे फोटो काढून झालेत, अशांसाठी लिहितोय. एक्सोप्लॅनेट म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह, तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो तो ट्रान्झिट, आणि तेव्हा ताऱ्याचा उजेड किती कमी झाला हे ॲस्ट्रोइमेजजे फोटोंवरून मोजतं. हे सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. कॅरेन कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी बनवलंय, त्यावरचा पेपर 2017 चा, आणि एक्सोप्लॅनेट शोधणाऱ्या नासाच्या टेस उपग्रहाला सापडलेले कॅन्डिडेट (म्हणजे अजून खात्री न झालेले ग्रह) जमिनीवरून तपासणारे लोकसुद्धा हेच वापरतात.

गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला की उजेड जेमतेम 1 टक्का कमी होतो, आणि तेवढा फरक तर पातळ ढगानं किंवा तारा क्षितिजाकडे उतरला तरी पडतो, म्हणून त्याच फ्रेममधले शेजारचे तारे घेऊन तुलना करायची. त्यातल्या मल्टी-अपर्चर या टूलमध्ये (ते ताऱ्याभोवती वर्तुळ टाकून आतला उजेड मोजतं) आपल्या ताऱ्यावर क्लिक करा, मग तुलनेच्या ताऱ्यांवर, की शेकडो फ्रेम ते स्वतःच मोजत सुटतं. तुलनेचा एखादा तारा स्वतःच कमीजास्त होतोय असं दिसलं तर त्याची टिक काढा, उजेडाचा आलेख तिथल्या तिथे बदलतो, हे मला प्रचंड आवडतं. एअरमासचा, म्हणजे ताऱ्याचा उजेड जितक्या जाड हवेतून येतो तिचा, कलही काढता येतो पण जपून, बीआयसीचा (असली जादा दुरुस्ती खरंच उपयोगाची आहे का हे सांगणारा) आकडा खाली येत नसेल तर आपण आलेख ओढूनताणून बसवतोय असं समजा.

पण माझ्या मते याचं सगळ्यात मोठं काम वेगळंच आहे. टेसचा एक पिक्सेल 21 आर्कसेकंदांचा, त्यात आपल्या ताऱ्याबरोबर शेजारचे मंद तारेही येतात, आणि त्यात एखादी एकमेकांना झाकणारी ताऱ्यांची जोडी असली की तिकडून ग्रहच वाटतो. आपल्या टेलिस्कोपमधून हे तारे बरेचदा सुटे दिसतात, मग प्रत्येकावर वर्तुळ टाकून बघायचं की नक्की कोणाचा उजेड कमी झाला. 'इथे ग्रह नाही' हे सांगणारा आलेखही तेवढाच मोलाचा, लोक तो फेकून देतात याचं वाईट वाटतं.

त्रास म्हणाल तर एकावर एक खिडक्या उघडतात, सुरुवातीला गोंधळ होतो, आणि फ्रेम मोठ्या असतील तर रॅम भरपूर लागते. वेळ बीजेडीमध्ये, म्हणजे पृथ्वीऐवजी सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला धरून मोजलेल्या वेळेत, बदलून देतं, पण कॉम्प्युटरचं घड्याळच चुकलेलं असेल तर ते काय करणार, रात्री सुरू करण्याआधी इंटरनेटवरून जुळवून घ्या.

सुरुवात कशानं करायची? एचडी 189733 बी या ग्रहामुळे होणारी उजेडातली घट जवळपास 2.4 टक्के, पण त्याचा तारा आपल्याकडे ऐन पावसाळ्यात रात्री डोक्यावर असतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी लवकर गाठावा लागतो. त्यापेक्षा हिवाळ्यात देवयानीतला हॅट-पी-32 बी घ्या, घट 2 टक्क्यांच्या वर, ट्रान्झिट तीन तासांचा, आधी आणि नंतरही निदान अर्धा-अर्धा तास फ्रेम घ्याच. एवढा वेळ नसेल तर मार्चमध्ये वास्प-43 बी, साडेएकोणीस तासांत एक फेरी मारतो आणि ट्रान्झिट सव्वा तासात संपतो, सकाळी ऑफिस असलं तरी जमतं.