बॅरिअ‍ॅट्रिकनंतर कॅल्शियम सिट्रेट: गोळी चांगली, लेबल फसवं

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या मेडिकलमध्ये ‘कॅल्शियम द्या’ म्हटलं की बहुधा कार्बोनेटची 500ची पट्टी हातात येते. एरवी ती स्वस्त आणि ठीक. पण वजन घटवण्याची बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया, म्हणजे जठराचा बायपास किंवा स्लीव्ह (जठर कापून लहान करणं), झालेल्याच्या पोटात आम्ल कमी, आणि कार्बोनेट विरघळायला तेच लागतं. बायपासमध्ये तर कॅल्शियम सर्वांत चांगलं शोषणारा लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच वगळला जातो. सिट्रेटला आम्लाची गरज नाही, उपाशीपोटीही चालतं. म्हणून पसंती त्यालाच.

आता लेबल. ‘कॅल्शियम सिट्रेट 1000 मिग्रॅ’ म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम जेमतेम 210. रोजची गरज आहार धरून 1200 ते 1500. दूध-दही जवळपास बंद असेल तर सहा गोळ्या: दोन-दोन, तीन वेळा. एका वेळी 500-600च्या वर घेतलेलं नीट शोषलंच जात नाही, त्यामुळे सगळ्या एकदम गिळणं फुकट. 10ची पट्टी दोन दिवसही पुरत नाही. खर्चाचा हिशेब पट्टीवर नको, दिवसावर करा. पेलाभर दूध पचत असेल तर त्यातून साधारण 300 मिळतात, एक-दीड गोळी वाचते.

गोळी जाडजूड आहे, हा खरा दोष. सुरुवातीच्या आठवड्यांत ती अडकते, उलटी होते, मग लोक बंदच करतात. फोडून किंवा कुटून चालेल का, हे त्या ब्रँडपुरतं विचारून घ्या. लोहाच्या गोळीपासून दोन तास, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर.

गोळीत सोबत असलेल्या व्हिटॅमिन डी3वर भिस्त नको. गोळीत 200 युनिट असतील तर सहांचे 1200 होतात. शस्त्रक्रियेनंतर रोज 3000च्या आसपास लागतात, रक्तातली डीची पातळी 30च्या (नॅनोग्रॅम प्रति मिली) वर जाईपर्यंत. (नागपूरच्या उन्हात डी कमी कसं, हा प्रश्न मे महिन्यात दुपारी बाहेर पडणाऱ्यानेच विचारावा.)

सिट्रेटची आणखी एक जमेची बाजू: बायपासनंतर ऑक्झलेटचे मुतखडे वाढतात, त्यांना ते आळा घालतं. 45 अंशांच्या शहरात, घोट-घोट पाणी पिणाऱ्याला हे मोठंच.

गोळी लागू पडते का, हे नुसत्या रक्तातल्या कॅल्शियमवरून कळत नाही. कमी पडलं की पॅराथायरॉइड संप्रेरक (पीटीएच) हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात भरतं आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. सोबत पीटीएच आणि व्हिटॅमिन डी मागा, दोन वर्षांनी खुब्यासह डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी).