पॉकेट गेलं, आता वॉलाबॅग की रीडेक?

८ जुलै २०२५ला मोझिलाने पॉकेट, म्हणजे वेबवरचे लेख नंतर वाचायला साठवून ठेवायचं अ‍ॅप, बंद केलं. इथे गुहागरात पावसाळ्यात वीज गेली की रेंजही जाते. साठवलेले लेख हाच तेव्हा आधार.

वॉलाबॅग आणि रीडेक हे त्याला पर्याय, स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे चालू ठेवलेल्या संगणकावर, बसवायचे. वॉलाबॅग २०१३पासूनचं, पीएचपी भाषेतलं. त्याचं अँड्रॉइड अ‍ॅप लेख फोनमध्ये उतरवून ठेवतं. सर्व्हर सांभाळायचा नसेल तर पैसे भरून तयार सेवाही मिळते.

रीडेक गो भाषेतलं. एकच फाइल चालवली की सुरू, डेटाबेस वेगळा बसवायला नको. लेखातली चित्रंसुद्धा ते स्वतःकडे साठवतं, म्हणजे मूळ पान उडालं तरी लेख शाबूत. हे मला फार मोलाचं वाटतं. घरच्या जुन्या लॅपटॉपवर मी तेच बसवलंय. मिरग लागायच्या आत निवडक लेख ईपब (ई-पुस्तकाची फाइल) करून ई-रीडरवर भरून घेते. आईला मात्र वॉलाबॅगच दिलं, ती सगळं फोनवरच वाचते.