ओटीजी, मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर की कढई? एकाच पिठाची बिस्किटं चार ठिकाणी भाजून बघितली

आमच्या धाकट्या जाऊबाई सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या आणि दोन महिने झाले त्यांचा एकच प्रश्न, "ताई, एअर फ्रायरच घेऊ का ओ, सगळे तेच घ्यालेत." मामंजी त्यांच्याकडे असतात, त्यांना शुगर आहे, पण संध्याकाळच्या चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत लागतंच, आणि बाहेरची खारी-नानकटाई आता बंद करायचीय. म्हणून नुसतं मत देण्यापेक्षा मी एका रविवारी एकाच पिठाची बिस्किटं चार ठिकाणी भाजली. ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे रॉडवाला विजेचा ओव्हन) माझा, कढई माझी, एअर फ्रायर भाच्याचा आणून ठेवलेला, आणि कन्व्हेक्शनवाला (गरम हवेवर भाजणारा) मायक्रोवेव्ह शेजारच्या अक्कांचा, त्यासाठी ट्रे घेऊन त्यांच्या घरी गेले.

पीठ असं होतं: मालदांडी ज्वारी २०० ग्रॅम, खपली गहू ५० ग्रॅम, तूप ७० ग्रॅम, गूळ ८० ग्रॅम, शेंगदाण्याचं जाडसर कूट ४० ग्रॅम, तीळ, मीठ, पाव चमचा बेकिंग पावडर. ज्वारीला भाकरीला करतो तसंच थोडं कढत पाणी घालून झाकून ठेवलं, कारण ज्वारीत ग्लुटेन नसतं आणि कढत पाण्याशिवाय गोळा धरत नाही. पीठ त्याच आठवड्याचं दळलेलं हवं, जुन्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा गेलेला असतो आणि वर कडवट लागतं, मग कितीही महागाचं मशीन असलं तरी बिस्किटाला कडेने भेगा पडून ते हातात तुटतं. सगळं वजन करून १५-१५ ग्रॅमच्या ३२ गोळ्या केल्या, प्रत्येक ठिकाणी आठ.

ओटीजीत मधल्या खणात १६० डिग्रीला २० मिनिटं लागली. काढली तेव्हा बोटाने दाबलं तर मऊच होती, पण जाळीवर दहा मिनिटं गार झाल्यावर आतपर्यंत खुसखुशीत, आणि उलटी करून बघितली तर बूड बदामी रंगाचं, वर-खाली रंग सारखा. मायक्रोवेव्हमध्ये तितक्याच डिग्रीला २२ मिनिटं दिली, वरून छान दिसली पण खालून पांढरी आणि दमट, उलटी करून परत पाच मिनिटं ठेवावी लागली. एअर फ्रायरमध्ये आठ बसेचनात, पाच बसली, १५० डिग्रीला १२ मिनिटांत वरून गडद झाली आणि मोडून बघितलं तर मधे कच्चट, शिवाय पंख्याच्या वाऱ्याने वरचे तीळ उडून कोपऱ्यात गोळा झाले होते. कढईतली बिस्किटं २५ मिनिटांनी काढली, दोन खालून करपली, पण उरलेल्या सहांचा वास चुलीवरच्या भाकरीसारखा खमंग होता आणि मामंजींनी नेमकी तीच उचलली.

या फरकाचं कारण समजून घेतलं तर निवड सोपी जाते. ओटीजीला वर आणि खाली दोन्हीकडे रॉड असतात, म्हणजे खालून सरळ ताप मिळतो. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये बहुतेक करून मागच्या बाजूला हीटर आणि पंखा असतो, गरम हवा फिरते पण बुडाला ताप कमी पोचतो. एअर फ्रायरमध्ये हीटर डोक्यावर आणि जागा छोटी, म्हणून वरचा भाग पटकन लाल होतो. आणि आपण हेल्दी म्हणून जे भाजणार, ज्वारी, बाजरी, नाचणी, खपली, ती पिठं मैद्यापेक्षा जड, त्यांना मंद आणि खालून आच हवी. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, आपली कडक भाकरी तव्यावर मंद आचेवर ठेवून ठेवूनच कडक होते, मोठ्या जाळावर ती नुसती करपते.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, कारण दुकानात उलटंच सांगतात. एअर फ्रायरमधला केक ओटीजीतल्या केकपेक्षा हेल्दी नसतो. पीठ तेच, तूप तेच, गूळ तोच, कॅलरी त्याच. एअर फ्रायरचा फायदा तळणाच्या पदार्थांना आहे, बटाट्याच्या फोडी, कटलेट वगैरे, तिथे तेल खरंच वाचतं, बेकिंगमध्ये तसं काही वाचत नाही. घरी भाजण्याचा खरा फायदा असा की वनस्पती तूप आणि मार्जरिन घरात येत नाही. एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची (हृदयाला वाईट अशा चरबीची) मर्यादा २ टक्क्यांवर आणलीय, तरी सुट्या खारीत नेमकं काय आणि किती घातलंय ते आपल्याला कळत नाही, घरी ते आपल्या हातात असतं. आणि गुळाबद्दलही स्पष्ट बोलते, शुगर असलेल्या माणसाला गूळ म्हणजे साखरच धरायची. मामंजींसाठी मी गूळ ८० वरून ५० ग्रॅमवर आणला आणि कूट वाढवलं, दिवसाला दोनच बिस्किटं, तेही डॉक्टरांना विचारून.

आता एकेकाचं जरा खोलात.

ओटीजी घ्यायचा तर चार-पाच माणसांच्या घराला २५ ते ३० लिटर पुरतो. त्यात आठ इंची टिन आरामात बसतं आणि बिस्किटांचा ट्रे एका वेळी पंधरा-वीस घेतो. १६ लिटरवाला स्वस्त असतो पण त्यात रॉड आणि केक यांच्यात अंतरच राहत नाही, वरून करपतं, मी आधी तो वापरलाय म्हणून सांगते. मी चौकशी केली तेव्हा बऱ्या कंपन्यांचे २५-३० लिटरचे पाच ते नऊ हजारांत होते, पंखावाला घेतला तर नऊच्या जवळ. रोटिसेरी (फिरता गज), सहा-सात मोड, आतला दिवा यात दिवा उपयोगाचा, बाकीला पैसे घालवू नका. ओटीजीचं दुखणं एकच, बटणावरची डिग्री खरी नसते. माझ्या ओटीजीचं बटण १८० वर असताना आत २०५ होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं, तोपर्यंत खपलीचा केक वरून फुटायचा आणि मी रेसिपीलाच दोष देत होते. तीन-चारशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर आत टांगा, त्याच्यापुढे सगळे मोड फिके आहेत.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह बारा ते अठरा हजारांच्या घरात जातो. घरात रोज दूध-भाजी गरम करणारे असतील, ओटा लहान असेल आणि एकच मशीन ठेवायचं असेल तर तो बरोबर, आणि केक त्यात चांगला होतो, बिस्किटं आणि ब्रेड मात्र कमी पडतात. बऱ्याच मॉडेलात कन्व्हेक्शन २०० ते २२० पर्यंतच जातं आणि पाव नीट भाजायला सुरुवातीचा ताप जास्त लागतो. फिरती प्लेट असते म्हणून चौकोनी मोठं टिन अडकतं, गोल घ्या, आणि टिन प्लेटवर न ठेवता बुटक्या स्टँडवर ठेवा म्हणजे खालून हवा लागते. नवीन माणूस एक चूक हमखास करतो, धातूचं टिन फक्त कन्व्हेक्शन मोडला चालतं, मायक्रोवेव्ह मोडला ठेवलं तर आत ठिणग्या उडतात. अक्कांच्या सुनेचा एकदा चुकून कॉम्बिनेशन मोड (दोन्ही एकत्र) लागला होता, तो आवाज ऐकून सगळं घर गोळा झालं होतं.

एअर फ्रायर दोन माणसांच्या घराला, किंवा एकट्या राहणाऱ्या नोकरदाराला मी नक्की सांगेन. चार-पाच लिटरच्या भांड्यात सहा इंची टिन बसतं, प्रीहीट (आधी रिकामं तापवणं) तीन-चार मिनिटांत होतो, वीज कमी लागते. रेसिपीत लिहिलंय त्यापेक्षा २० डिग्री कमी ठेवायचं आणि केकवर पहिली पंधरा मिनिटं फॉइल घट्ट बांधायची, सैल राहिली तर पंख्याने उडून वरच्या हीटरला लागते. अजून एक सोलापूरचीच अडचण, आपल्याकडे पाणी रोज येत नाही आणि येतं ते जड, बास्केटची जाळी घासून घासून धुवायला जे पाणी लागतं ते मे महिन्यात जीवावर येतं. ओटीजीचा ट्रे ओल्या फडक्याने पुसला तरी भागतं.

कढई किंवा कुकर. महिन्यातून एकदाच केक करायचा असेल तर काहीच घेऊ नका, जाड बुडाची लोखंडी कढई, तळाला मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट ताट, दहा मिनिटं तापवून मग टिन आत आणि आच बारीक. सुरुवातीची वीस मिनिटं झाकण उघडू नका, केक बसतो. कुकर मात्र मी आता वापरत नाही, रिंग-शिट्टी काढून मी बरीच वर्षं केलं, पण पाण्याशिवाय तापवून तापवून आईच्या कुकरचं बूड फुगलं आणि मग तो प्रेशरसाठीही वापरायची भीती वाटायला लागली. कंपन्याही कुकर कोरडा तापवू नका असंच सांगतात.

विजेचं गणित फार मोठं नाही. १५०० वॅटचा ओटीजी प्रीहीट धरून ५० मिनिटं सलग जळला तर सव्वा युनिट होतं, पण थर्मोस्टॅट मधे मधे बंद करतो म्हणून एक युनिटच्या आसपास. एअर फ्रायरला २५ मिनिटांत साधारण अर्धं युनिट. फरक आहे पण दोन ट्रे एकामागून एक लावले तर ओटीजीचा प्रीहीट वसूल होतो. खरी काळजी प्लगची घ्या. ही सगळी मशीनं १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायची, मिक्सरच्या छोट्या सॉकेटला एक्सटेंशन लावून नाही. माझ्या जुन्या घरात मी तसं केलं होतं, एक दिवस प्लास्टिकचा वास आला, बघते तर एक्सटेंशनचं तोंड वितळून प्लग चिकटलेला, हाताला चटका बसला तो वेगळाच. फ्लॅट बघतानाच ओट्यावर मोठं सॉकेट किती आणि कुठे ते मोजून घ्या.

मशीनपेक्षा कमी पैशाच्या दोन गोष्टींनी माझं बेकिंग जास्त सुधारलं, एक तो थर्मामीटर आणि दुसरा वजनकाटा. वाटी भरून घेतली तर दाबून भरलेली ज्वारी आणि चाळून भरलेली ज्वारी यात खूप फरक पडतो, आणि जड पिठाला २०-३० ग्रॅम जास्त झालं की केकची वीट होते. टिन साधं अॅल्युमिनियमचं घ्या. काळं नॉनस्टिक खालून लवकर लाल करतं, गुळाच्या पिठाला तर फारच, तेव्हा दहा-पंधरा डिग्री कमी ठेवा. सिलिकॉनमधून मफिन सुटतात छान पण कड कुरकुरीत होत नाही. बटर पेपर घेताना मेणाचा नाही ना ते बघा, मेणाचा ओव्हनमध्ये धुरावतो, बेकिंगचा पार्चमेंट वेगळा मिळतो. स्टँड मिक्सर घेऊ नका, ज्वारीला तो लागतच नाही आणि खपलीचा केक जास्त फेटला तर चिवट होतो, हाताचा व्हिस्क पुरे. आणि घरात कोणाला डॉक्टरांनी ग्लुटेन बंद केलं असेल तर खपली नको, तोही गहूच आहे, ज्वारीसुद्धा गव्हावर दळलेली नको, गिरणीवाल्याला आधी सांगा नाहीतर घरघंटीवर दळा.

जाऊबाईंनी शेवटी २८ लिटरचा ओटीजी घेतला. मामंजींची बिस्किटं दर आठवड्याला, मुलांचा शनिवारचा केक, कधीतरी पाव, एवढं असेल तर माझं मत तेच होतं. फक्त आपल्या उन्हाळ्याचा विचार करा, बाहेर ४२-४३ असताना दुपारी तो लावला तर स्वयंपाकघरात उभं राहवत नाही, सकाळी सातच्या आत उरका, आणि पावाची कणीक तेव्हा दीड तासाऐवजी पाऊण तासातच फुगून येते, घड्याळ न बघता कणकेकडे बघा. ठेवताना भिंतीपासून चार बोटं तरी लांब, वर डबे रचू नका, बाहेरचा पत्रा चांगलाच तापतो. आणला की पहिल्या दिवशी खिडक्या उघडून रिकामाच २३० डिग्रीला पंधरा मिनिटं चालवा, रॉडवरचं कंपनीचं तेल जळून थोडा धूर येतो, तो गेला की मग पहिला ट्रे लावा, आणि अंदाज यावा म्हणून तो ट्रे फक्त चार बिस्किटांचा लावा.