मुलाबाळांसह रत्नागिरी : थिबा पॉइंट, भाट्ये आणि मांडवी

ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी 1910 च्या सुमारास बांधलेल्या थिबा राजवाड्यापासून जवळच असलेला थिबा पॉइंट हा रत्नागिरीतील सहकुटुंब फिरण्याच्या जागांपैकी मला सर्वांत सरस वाटतो, कारण तेथून काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल, राजिवड्याच्या होड्या आणि त्यापलीकडचा समुद्र हे सारे एका नजरेत येते आणि वृद्धांनाही बसल्या जागी त्याचा आनंद घेता येतो. मात्र दुपारी येथे येण्यात अर्थ नाही. उन्हे कलल्यावरच यावे.

पळापळ करणाऱ्या मुलांसाठी भाट्याचा लांबलचक, सपाट किनारा आणि त्यालगतचे सुरूचे बन अधिक सोयीचे आहे. खाडी जेथे समुद्राला मिळते त्या टोकाकडे प्रवाहाला ओढ असते, तेव्हा तेथे कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये, आणि पावसाळ्यात तर किनाऱ्यावर कोठेच नाही.

मांडवीची वाळू काळी आहे. इल्मेनाइट या खनिजाचे कण तीत मिसळलेले असल्यामुळे ओल्या पावलांवर ती चकाकते, आणि लहान मुलाच्या हाती लोहचुंबक दिल्यास त्याचा तासभर सहज जातो (परतताना कपडे झटकण्याचे काम अर्थातच आईवडिलांचे). संध्याकाळी जेट्टीवर गर्दी होते, भेळेच्या गाड्यांभोवती त्याहून अधिक. पाऊस लागलाच, तर झाडगावच्या मत्स्यालयातील देवमाशाचा सांगाडा मुलांना अवश्य दाखवावा.