डायल-अपच्या संथ लाइनसाठी ऑपेरा ९

२००६ च्या सुमारास ब्रॉडबँडच्या जाहिराती सगळीकडे दिसत असल्या, तरी तालुक्याच्या गावांतील असंख्य घरांमध्ये इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, म्हणजे डायल-अपने, आणि संगणक फोनला जोडणाऱ्या मोडेमच्या त्या ओळखीच्या किरकिरीनंतरच येत असे. मोडेमवर ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट, असे छापलेले असे, पण जुन्या तारांवर जोडणी ४५ किलोबिटच्या आसपास झाली तरी समाधान मानावे लागे आणि प्रत्यक्षात पान उतरण्याचा वेग सेकंदाला चार किलोबाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट), लाइन खरखरत असेल तर तीन, एवढाच पडे. त्यात फोनचे बिल पल्सच्या, म्हणजे जोडणीच्या वेळेच्या, हिशेबाने चढत असे आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून राही, तो वेगळाच. अशा घरांसाठी नॉर्वेच्या ऑपेरा सॉफ्टवेअर या कंपनीचा ऑपेरा ९ हा ब्राउझर मी आग्रहाने सुचवत असे. कोणताही ब्राउझर तारेचा वेग वाढवू शकत नाही. पण त्या तारेवरून काय यावे आणि काय येऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार ऑपेरा जितका वापरणाऱ्याच्या हाती देई, तितका माझ्या मते त्या वेळचा इतर कोणताही ब्राउझर देत नसे.

त्याचा सर्वांत मोठा उपयोग चित्रांच्या बाबतीत होत असे. बातम्यांच्या एखाद्या पानाचे एकूण वजन तीनशे किलोबाइट असेल, तर त्यातील वाचण्याचा मजकूर बहुधा चाळीस किलोबाइटही नसे. सेकंदाला चार किलोबाइटच्या वेगाने संपूर्ण पान यायला सव्वा मिनिट लागे आणि मजकूर तेवढा दहा सेकंदांत येई. फायरफॉक्स आणि इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरांमध्येही चित्रे बंद करता येत, पण त्यासाठी दर वेळी पर्यायांच्या खिडकीत शिरावे लागे. ऑपेरात टूलबारवरच्या एका बटणाने उघडलेल्या पानापुरती चित्रे चालू, बंद किंवा ‘फक्त कॅशमधली’ (आधी पाहिलेल्या पानांच्या डिस्कवरील साठ्यातली) अशी ठेवता येत. हा तिसरा पर्याय मला विशेष मोलाचा वाटे, कारण नेहमीच्या साइटची शीर्षपट्टी आणि बटणे आधीच्या भेटीत डिस्कवर साठलेली असत. ती दिसत आणि नवीन काहीही उतरत नसे. चित्रे बंद असताना एखादे चित्र पाहायचेच असेल, तर त्याच्या रिकाम्या चौकटीवर उजवी क्लिक करून तेवढेच मागवता येई. मात्र ज्या साइट मेनूची बटणेसुद्धा चित्रांच्या रूपात देत आणि त्यांना पर्यायी मजकूर जोडत नसत, तिथे चौकटींच्या ओळीपलीकडे काही दिसत नसे. हा दोष त्या साइट बनवणाऱ्यांचा होता.

पान उतरत असताना दिसणारी प्रगतिपट्टीही नीट पाहण्यासारखी होती. मजकूर किती टक्के आला, तेवीसपैकी कितवे चित्र चालू आहे, आतापर्यंत किती किलोबाइट उतरले, वेग किती आणि वेळ किती गेला, हे सारे त्या अरुंद पट्टीत आकड्यांनी दिसे. त्यामुळे लाइनच मेली आहे की समोरचा सर्व्हर सुस्त आहे, याचा अंदाज लवकर येई आणि थांबायचे की सोडून द्यायचे, याचा निर्णय घेता येई. एफ १२ ही कळ दाबली, की प्लग-इन (फ्लॅशसारखे ब्राउझरला जोडलेले पूरक प्रोग्राम), जावा, ध्वनी आणि हलती चित्रे बंद करण्याची छोटी यादी उघडे. प्लग-इन बंद केले, की अनेक साइट सुरुवातीलाच जे फ्लॅशचे हलते प्रास्ताविक माथी मारत, ते येतच नसे. शिवाय या आवृत्तीत जाहिरातींची चित्रे साइटनुसार कायमची अडवण्याची सोयही आली होती.

पैसे वाचवण्याचा खरा मार्ग म्हणजे वाचन लाइनबाहेर करणे, आणि त्यासाठी हा ब्राउझर फार सोयीचा होता. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून दुव्यांवर क्लिक करत गेले, की लेख एकामागून एक, समोरचे पान न हलता, मागे नव्या टॅबमध्ये उघडत राहत. सगळे उतरले, की फोन तोडायचा आणि निवांत वाचत बसायचे. मागे जाण्याचे बटण दाबल्यावर आधीचे पान पुन्हा न मागवता तत्काळ समोर येई. आपल्याकडच्या तेव्हाच्या भारनियमनात तर ऑपेराची आणखी एक खुबी कामी येई. मध्येच वीज गेली, तरी संगणक पुन्हा सुरू केल्यावर ऑपेरा मागील सत्र पुढे चालू ठेवायचे का, असे विचारी आणि उघडे असलेले सारे टॅब परत आणी. फाइल मेनूतून ‘वर्क ऑफलाइन’ निवडलेले असेल, तर कॅशमधली पाने फोन न लावताच वाचता येत. यासाठी डिस्कवरील कॅश मूळच्या २० एमबीवरून वाढवून घ्यावी, हे मी प्रत्येकाला सांगत असे.

ब्राउझरसोबतच येणारा ई-मेलचा भागही याच विचाराने घडवलेला होता. त्यातील कमी बँडविड्थचा, म्हणजे संथ लाइनसाठीचा, पर्याय निवडला, की पत्राचा सुरुवातीचा भाग तेवढा येई आणि उरलेले पत्र आपण मागितल्यावरच उतरे. कोणी न विचारता पाठवलेले मोठे फोटो त्यामुळे लाइन अडवून बसत नसत.

आता उणिवा. मराठी वाचकासाठी सर्वांत मोठी अडचण फॉन्टची होती. युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या सामाईक पद्धतीतील मराठी, विंडोज एक्सपीत भारतीय लिपींची सोय बसवलेली असल्यास, व्यवस्थित दिसे. पण अनेक मराठी वृत्तपत्रे तेव्हा आपापला फॉन्ट वापरत आणि तो पानासोबत आपोआप उतरण्याची जी पद्धत होती, ती फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चाले. ऑपेरात अशी पाने रोमन अक्षरांच्या अर्थहीन जुळणीसारखी दिसत. त्यावर तेव्हाचा उपाय म्हणजे वृत्तपत्राच्या साइटवर फॉन्टची फाइल दिलेली असल्यास ती एकदा उतरवून विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकणे. त्यानंतर त्रास होत नसे. बँकांच्या आणि सरकारी कामाच्या काही साइट मात्र इंटरनेट एक्स्प्लोररशिवाय चालतच नसत, म्हणून तोही हाताशी ठेवावाच लागे.

किमतीचा प्रश्न तेव्हा उरलेला नव्हता. पूर्वी फुकट आवृत्तीत जाहिरातींची पट्टी असे. ती सप्टेंबर २००५ मध्ये ८.५ आवृत्तीपासून काढून टाकण्यात आली. ९ ची फाइल पाच एमबीच्या आत होती, म्हणजे चांगल्या लाइनवर वीस-बावीस मिनिटांत उतरे. तेवढा वेळ फोन अडकवणे शक्य नसेल, तर संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडी आधी पाहाव्या लागत किंवा ब्रॉडबँड असलेल्या सायबर कॅफेतून ती पेन ड्राइव्हवर आणावी लागे.