बांधीव खंड की पीडीएफ?
एका संदर्भासाठी परभणीहून पहाटेची गाडी धरून संभाजीनगरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचो. नियतकालिकाच्या जुन्या अंकांचा बांधीव खंड काढायचा, धूळ झटकायची, झेरॉक्सच्या रांगेत उभं राहायचं. दिवस सरायचा, हाती दोन लेख. आता शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, प्रबंध फुकट उघडतात. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी विद्यापीठांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. वेग वाढला, यात वाद नाही. पण उतरवून ठेवलेल्या पीडीएफ वाचतो कोण? (माझ्याच लॅपटॉपवर ढीग पडलाय.) खंड चाळताना शेजारचा लेख आपसूक नजरेला पडायचा, ती गंमत सर्चमध्ये नाही. आणि निजामकाळातल्या मराठवाड्यावर काम करायचं, तर अजूनही जुनी कपाटंच उघडावी लागतात. विज्ञानवाल्यांनी मात्र खुशाल घरी बसून वाचावं.